अलिखित जाळ्याचे व्याकरण



बोलींचा क्षेत्रीय अभ्यास कसा करावा, निवेदक कसा निवडावा, प्रश्नावली कशी तयार करावी, हे तुम्ही मागील घटकांत वाचले आहे. पुस्तकात वाचताना ही पद्धत कोरडी वाटते, हे मला वर्गातील अनुभवावरून ठाऊक आहे. म्हणून या लेखात मी तुम्हाला एखाद्या बोलीकडे नेणार नाही. आमच्या महाविद्यालयातील संगणकांच्या जाळ्याकडे नेणार आहे. या जाळ्याची कोणतीही लेखी नोंद नव्हती. त्याचा नकाशा तयार करण्याचे काम भाषाविज्ञानाच्या प्राध्यापिकेकडे, म्हणजे माझ्याकडे, आले. आणि लिपी नसलेल्या बोलीकडे जाताना मी जी पद्धत वापरते, तीच येथे टप्प्याटप्प्याने उपयोगी पडली.

आमचे महाविद्यालय जुने आहे. समोर दगडी इमारत, तिच्यामागे नंतर बांधलेली तीन मजली इमारत आणि आवाराच्या टोकाला ग्रंथालय. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या कार्यालयात टेलिफोनच्या तारेवरून चालणारी पहिली जोडणी आली. पुढे संगणक प्रयोगशाळा झाली, तिच्यासाठी दुसरी जोडणी आली. ग्रंथालयातील कार्डांचे कपाट गेले आणि तेथे संगणक आले. विद्यार्थ्यांचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे गुण हे सारे ऑनलाइन झाले. प्रत्येक वेळी जेवढी गरज पडली तेवढी तार वाढवली गेली. आधी आराखडा आणि मग बांधणी, असे कधीच घडले नाही. भाषा तरी निराळी कोठे वाढते?

हे सगळे जाळे एका माणसाच्या डोक्यात होते. ते चौदा वर्षे आमच्याकडे कंत्राटी तंत्रसहायक होते. जून महिन्यात मनुष्यबळ पुरवणारी संस्था बदलली आणि नव्या संस्थेच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. ऑगस्टमध्ये ग्रंथालयातील संगणक चार दिवस बंद राहिले. कारण कोणालाच सांगता येईना. सप्टेंबरमध्ये कार्यालयातून एक टिपण आले. महाविद्यालय दरमहा इंटरनेटच्या तीन जोडण्यांची देयके भरते. पहिली कार्यालयात आणि दुसरी प्रयोगशाळेत वापरली जाते. तिसरीचा उपयोग आढळून येत नाही, सबब ती बंद करावी, असे त्यात म्हटले होते. प्राचार्यांनी समिती नेमली. तिच्यात संगणकशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक आणि तीन विद्यार्थी होते. अध्यक्षपद मला देताना प्राचार्य हसून म्हणाले, “तुम्ही गावोगाव फिरून लोकांना प्रश्न विचारता, आता इथेही विचारा.” ते थट्टेने बोलले, पण काम नेमके तेच होते.

‘आढळून येत नाही’ म्हणजे काय?

त्या टिपणातील ‘उपयोग आढळून येत नाही’ हा शब्दप्रयोग मला पहिल्याच दिवशी खटकला. भाषेच्या अभ्यासकाला तो परिचयाचा आहे. आपल्या जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत; त्यांची गणना ‘इतर’ या एका रकान्यात होते. २०११ च्या जनगणनेच्या यादीत १२१ भाषा आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात निहाली भाषा बोलणारी माणसे राहतात. त्यांची संख्या काही हजारांच्या पलीकडे नाही आणि त्यांच्या भाषेचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. केवळ यादी वाचणाऱ्याला ही भाषा ‘आढळून येत नाही’. घरात आई लेकराला त्याच भाषेत हाक मारते, ही गोष्ट यादीच्या बाहेर राहते.

नोंद नसणे आणि अस्तित्व नसणे यांतील हा फरक अभ्यासकाने सतत जागा ठेवावा लागतो. म्हणून समितीच्या पहिल्या बैठकीत आम्ही एक नियम ठरवला. एखादी तार कशासाठी आहे हे कळत नसेल, तर तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ असे लिहायचे नाही. ‘अद्याप अज्ञात’ असे लिहायचे.

सर्वांना एकच प्रश्न

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाविषयी तुम्ही वाचले आहे. १८९४ मध्ये सुरू झालेल्या या कामाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. ठिकठिकाणचे नमुने एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून ग्रिअर्सन यांनी प्रत्येक बोलीत एकाच मजकुराचे रूपांतर मागवले. बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट हा तो मजकूर होता. त्याच्या जोडीला शब्दांची आणि वाक्यांची एक ठरावीक यादीही होती. मजकूर एकच असला, की दोन ठिकाणच्या उत्तरांत दिसणारा फरक हा बोलींमधील फरक आहे असे म्हणता येते.

आम्हीही प्रत्येक खोलीला एकच मजकूर दिला. प्रत्येक संगणकावरून इंटरनेटवरील एकाच ठिकाणाकडे जाण्याची वाट विचारायची, असे ठरले. या कामासाठी ‘ट्रेसराउट’ नावाची आज्ञा असते. तिची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर एक आकडा लिहिलेला असतो. वाटेतील प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की तो राउटर ते पुडके टाकून देतो आणि तसे पाठवणाऱ्याला कळवतो. ट्रेसराउट आधी एक आकडा लिहून पुडके पाठवते, मग दोन, मग तीन. त्यामुळे वाटेतील नाकी एकामागून एक आपला पत्ता स्वतःच सांगतात. काही नाकी गप्प राहतात. तेथे पडद्यावर नुसत्या फुल्या उमटतात. क्षेत्रकार्यातही असे निवेदक भेटतातच. त्यांचे मौनसुद्धा आपण वहीत लिहून ठेवतो.

पाच दिवसांत सत्तावन्न संगणकांची उत्तरे जमली. बहुतेक संगणक दोनच दारांतून बाहेर पडत होते. तिसऱ्या दाराने बाहेर पडणारा एकही संगणक आम्हाला सापडला नाही. टिपण बरोबर आहे, असे त्या दिवशी विद्यार्थ्यांना वाटू लागले. पण एक खोली अजून राहिली होती. परीक्षा विभागातील प्रश्नपत्रिका छापण्याची ती खोली परीक्षेच्या दिवसांखेरीज कुलूपबंद असते आणि तिची किल्ली फक्त परीक्षाप्रमुखांकडे असते. ते त्या आठवड्यात रजेवर होते. नमुन्यातून एखादे घर सुटले असेल, तर संपूर्ण गावाविषयी विधान करायचे नसते.

पत्ते, नावे आणि ‘नवीन’ तार

मधल्या काळात दोन विद्यार्थ्यांचा वाद झाला. ग्रंथालयातील संगणक आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असा सांगत होता आणि प्रयोगशाळेतील संगणकही तोच पत्ता सांगत होता. एकाचे म्हणणे असे, की दोन्ही खोल्या एकाच राउटरवर आहेत. दुसऱ्याचे म्हणणे असे, की मग दोघांच्या वाटा पुढे वेगळ्या का होतात?

उत्तर संगणकशास्त्रात आहे, पण ते भाषेच्या अंगाने चटकन कळते. इंटरनेटच्या मूळ रचनेत सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य आहेत आणि ते जगाला पुरणारे नाहीत. म्हणून काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत. आवाराबाहेर त्यांना अर्थ नाही. ‘आई’ हा शब्द घराघरांत वापरला जातो आणि प्रत्येक घरात तो वेगळ्या व्यक्तीकडे बोट दाखवतो. ‘मी’, ‘येथे’, ‘आज’ या शब्दांचा अर्थ कोण, कोठे आणि केव्हा बोलतो यावर अवलंबून असतो. हा खासगी पत्ताही तसाच आहे. ग्रंथालयातील १९२.१६८.१.१ आणि प्रयोगशाळेतील १९२.१६८.१.१ हे दोन वेगळ्या घरांतील दोन राउटर होते. यंत्र बनवतानाच त्याला दिलेला बारा चिन्हांचा मॅक पत्ता दोघांचा वेगळा निघाला आणि वाद मिटला.

तारांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांनी आम्हाला असेच कोड्यात टाकले. एका तारेवर ‘नवीन’ असे लिहिले होते. तिचे प्लास्टिक पिवळे पडले होते. दुसरीवर ‘मोठे सर’ असे होते. ते कोणते प्राचार्य, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिसरीवर ‘जुने ऑफिस’ असे होते. जुने कार्यालय कोठे होते, हे शिपाईमामांनी सांगितले. सध्या ज्या खोलीला आपण मुलींचा विश्रामकक्ष म्हणतो, तीच ती जागा. पुण्यातील लकडी पुलाचे लाकूड कधीच गेले, पण नाव राहिले. नावे वस्तूंपेक्षा अधिक काळ टिकतात आणि म्हणूनच ती इतिहास सांगतात. आम्ही एकही चिठ्ठी काढली नाही. जुन्या चिठ्ठीशेजारी क्रमांकाची नवी चिठ्ठी लावली आणि जुने नाव वहीत उतरवले.

विश्रामकक्षात शिडी लावून पाहिले, तेव्हा कपाटाच्या माथ्यावर धुळीने माखलेला आठ जोडण्यांचा एक छोटा स्विच सापडला. त्याचा एकही दिवा लुकलुकत नव्हता; फक्त विजेचा दिवा मंद जळत होता. आपल्या कोणत्या जोडणीवर कोणते यंत्र आहे, हे स्विच त्या यंत्राच्या बोलण्यावरून शिकतो. ते यंत्र काही वेळ, बहुधा पाच मिनिटे, गप्प राहिले, की स्विच त्याला विसरतो. शांत दुपारी त्या स्विचला विचारून काहीच कळणार नव्हते. वापर सुरू असतानाच त्याची स्मृती जागी होणार होती.

एका वेळी एकच बदल

‘मन’ आणि ‘मण’ या शब्दांत एकच ध्वनी बदलतो आणि अर्थ बदलतो. त्यावरून मराठीत ‘न’ आणि ‘ण’ हे वेगळे स्वनिम आहेत असे आपण ठरवतो. ‘वेल’ आणि ‘वेळ’ ही जोडीही तशीच. या लघुतम युग्मांचे बळ एका अटीत आहे: एका वेळी एकच घटक बदलायचा आणि बाकी सारे स्थिर ठेवायचे.

परीक्षाप्रमुख रजेवरून परतल्यावर एका रविवारी आम्ही हीच कसोटी लावली. सर्व खोल्या उघडल्या, सर्व संगणक सुरू केले आणि प्रत्येक खोलीत एक माणूस बसवला. मग पहिली जोडणी काढली, कोणत्या खोल्या बंद पडल्या ते लिहिले आणि ती पुन्हा लावली. दुसरीचे तसेच केले. तिसरी जोडणी काढताच परीक्षा विभागातून फोन आला: छपाईच्या खोलीतील दोन्ही संगणक बंद पडले होते. दुसरे काहीही बंद पडले नव्हते. तार परत लावली, तेव्हा विश्रामकक्षातील त्या छोट्या स्विचचे दिवे लुकलुकू लागले.

हे घडले तेव्हा परीक्षेला सतरा दिवस उरले होते. परीक्षेच्या सकाळी विद्यापीठाकडून प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते. ती थोड्या वेळात छापून वर्गावर्गांत पोहोचवायची असते. तिसरी जोडणी टिपणाप्रमाणे बंद झाली असती, तर त्या सकाळी शेकडो विद्यार्थी कोऱ्या बाकांवर बसून राहिले असते आणि असे का झाले हे त्यांना कोणीही सांगू शकले नसते.

ज्याला ठाऊक होते तो

‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण ‘का’ राहिले होते. परीक्षेच्या दोन संगणकांसाठी स्वतंत्र जोडणी कोणी आणि कशासाठी ठेवावी? हे तारेवरून कळत नाही. ते बोलणाऱ्यालाच विचारावे लागते. मी तंत्रसहायकांना फोन केला. ते तालुक्याच्या गावी एका दुकानात मोबाइल दुरुस्तीचे काम करत होते. प्रश्न ऐकून ते क्षणभर थांबले.

“मॅडम, चौदा वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या सकाळी कार्यालयातील जोडणीवर इतकी गर्दी झाली, की प्रश्नपत्रिका उतरायला फार वेळ लागला. त्यानंतर त्यांनी परीक्षा विभाग सर्वांपासून वेगळा काढला. परीक्षा विभाग तेव्हा जुन्या कार्यालयाशेजारी होता. तो हलला, तेव्हा त्यांनी तार लांबवली. पण तांब्याची तार साधारण शंभर मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून मध्ये कपाटावर स्विच ठेवला. आम्हाला गोंधळ वाटलेल्या प्रत्येक गोष्टीमागे असा एक नियम होता. बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्यांना तिचे नियम दिसत नाहीत, हे आपण वर्गात नेहमी बोलतो. ते वाक्य त्या दिवशी मला नव्याने पटले.

ते दोन रविवार आले. विद्यार्थी त्यांच्यामागे वही घेऊन फिरले आणि आमच्या नकाशातील एकोणीस ‘अद्याप अज्ञात’ नोंदींपैकी सतरा नोंदी भरल्या गेल्या.

समितीत खरा वाद झाला तो यानंतर. अहवालाच्या मसुद्यात कार्यालयाच्या आग्रहाने एक वाक्य आले होते: ‘माजी कर्मचाऱ्याने आवश्यक दप्तर न ठेवल्याने अडचण उद्भवली.’ मी त्यांच्या नेमणुकीचे कागद मागवले. कामांच्या यादीत नोंदवही ठेवण्याचा उल्लेख कोठेही नव्हता. तशी वही त्यांना कधी देण्यात आली नव्हती आणि कोणी कधी मागितलीही नव्हती. ते वाक्य वगळल्याखेरीज मी सही करणार नाही, असे मी सांगितले. दोन दिवसांच्या कामाचे मानधन त्यांना मिळावे, असा ठरावही मांडला. ‘जुन्या ओळखीचा माणूस आहे, तो काही मागणार नाही,’ असे एक सदस्य म्हणाले. मागत नाही म्हणून देऊ नये, हा न्याय मला मान्य नव्हता. वाक्य वगळले गेले. मानधन तीन महिन्यांनी का होईना, मिळाले. त्यांची नोकरी मात्र परत मिळाली नाही. ते समितीच्या हाती नव्हते.

अंदमानातील बो भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनियर यांचे २०१० मध्ये निधन झाले. भाषावैज्ञानिक अन्विता अब्बी यांनी त्याआधी त्यांच्याकडून शब्द आणि गाणी नोंदवून घेतली होती, म्हणून त्या भाषेचे काही तरी जगाकडे उरले. एका भाषेचा अंत आणि कार्यालयातील तारांची अडचण यांची बरोबरी होऊ शकत नाही, आणि मी ती करत नाही. पण एक सूत्र दोन्हीकडे सारखे आहे. ज्ञान माणसात राहते. ते माणसाला विचारून, त्याच्या सवडीने, त्याचा मान राखून आणि त्याचा मोबदला देऊन घ्यावे लागते. आणि ते तो असतानाच घ्यावे लागते.

दोन नकाशे

अखेरीस आम्ही दोन नकाशे काढले. पहिल्यात तार कोणत्या भिंतीतून जाते, कोणता स्विच कोणत्या कपाटावर आहे आणि किल्ली कोणाकडे असते, हे दाखवले आहे. दुसऱ्यात भिंती नाहीत. कोणते यंत्र कोणाशी बोलते, कोणत्या दाराने बाहेर पडते आणि का, एवढेच आहे. पहिला नकाशा उच्चारांच्या वर्णनासारखा आहे, तर दुसरा व्याकरणासारखा. पहिल्यावाचून दुरुस्ती करता येत नाही आणि दुसऱ्यावाचून निर्णय घेता येत नाही. दोन्हींच्या कोपऱ्यात तारीख आहे, कारण वर्णन हे नेहमी एका काळाचे असते. तार बदलली की नकाशाही बदलायला हवा. तारखेखाली ‘माहिती देणारे’ असा रकाना आहे. त्यात पहिले नाव तंत्रसहायकांचे आहे आणि दुसरे शिपाईमामांचे.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण नोकरी सांभाळून शिकतात. कोणी ग्रामपंचायतीत लिपिक असेल, कोणी अंगणवाडीत, कोणी पाणीपुरवठा योजनेवर, कोणी दवाखान्यात किंवा दुकानात. तुम्ही जेथे काम करता, तेथील कितीतरी गोष्टी कोणत्याही दप्तरात नाहीत: कोणता व्हॉल्व्ह कोणत्या वस्तीचे पाणी बंद करतो, कोणते रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, कोणती तार कशासाठी आहे. त्यांतील काही तुमच्याच डोक्यात असतील. क्षेत्रीय अभ्यासाचा सराव म्हणून अशी एक व्यवस्था निवडा. ती वापरणाऱ्या प्रत्येकाला सारखेच प्रश्न विचारा, त्यांचेच शब्द वापरा, जे कळले नाही त्यापुढे ‘अद्याप अज्ञात’ असे लिहा आणि माहिती देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवा. त्या व्यवस्थेचे जाणकार तुम्ही स्वतः असाल, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका. एक साधी वही घ्या, पहिल्या पानावर तारीख घाला, आपले नाव लिहा आणि सुरुवात करा.